हरवलेल्या रेडियमच्या सुईमागे

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी नागपूरच्या एका कर्करोगाच्या दवाखान्यात नोकरीला होते. किरणोपचाराची मात्रा मोजणं आणि तिथल्या रेडियमची राखण करणं हे माझं काम. मूळची मी साताऱ्याची. नागपुरात येऊन दोन वर्षं झाली तरी शेजारचा भंडारा जिल्हा मी पाहिला नव्हता. ओळखीचे लोक सांगायचे, धानकापणीच्या दिवसांत जा, तळ्यांवर परदेशी बदकं उतरलेली असतात, गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मी गेले ती नेमकी त्याच दिवसांत, पण माझ्या पिशवीत दुर्बीण नव्हती. किरणं मोजायचं मीटर होतं. आमच्याकडची रेडियमची एक सुई सापडत नव्हती आणि ती शोधायला मी निघाले होते.

पुष्कळांना रेडियम माहीत असतं ते घड्याळाच्या काट्यांवरून. माझा त्याच्याशी रोजचा संबंध, तरी मी ते उघड्या डोळ्यांनी कधी पाहिलेलं नाही. रुप्यासारखं पांढरं असतं आणि हवा लागली की काळवंडतं, एवढं पुस्तकातलं ज्ञान. आमच्याकडे त्याचा क्षार प्लॅटिनमच्या बारीक सुईत कायमचा बंद केलेला असे. शिवणाच्या सुईहून आखूड, नाकातून दोरा ओवलेला. गालाच्या किंवा जिभेच्या गाठीत अशा सुया रोवायच्या, काही दिवस राहू द्यायच्या आणि काढून घ्यायच्या. गाठ त्यानंतर हळूहळू विरत जाते. पण रेडियमला बटण नसतं. ते अखंड किरणं सोडत राहतं, सभोवतालच्या हवेपेक्षा जरासं ऊन राहतं, आणि त्याचं निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. जी किरणं गाठ जाळतात तीच निरोगी मांसही जाळतात. एखाद्या उशीत, लुगड्याच्या शिवणीत अशी सुई राहून गेली, तर ती घरातल्या माणसांना कळूही न देता भाजत राहील. माझी झोप उडाली होती ती यामुळे.

मोजणीत सुई कमी भरली तेव्हा मी मीटर घेऊन सगळा दवाखाना पालथा घातला. खाटा, मोऱ्या, धोब्याची गाठोडी, मागचा कचऱ्याचा खड्डा. कुठंही काही नाही. मधल्या काळात दोन बायका बऱ्या होऊन घरी गेल्या होत्या, एक चिखल्याची आणि एक एकोडीची. दोघींच्या सुया काढताना नीट मोजल्या होत्या, असं सगळ्यांना आठवत होतं. पण आता आठवणीवर विसंबायची कुणाची तयारी नव्हती.

यावर बैठक बसली, तीत वरिष्ठांपैकी कुणीतरी विचारलं, "रोग्यांच्या बादल्या कोण उचलतं?" दाराशी उभ्या असलेल्या शेवंताबाईंनी ते ऐकलं. त्या आमच्या वॉर्डातल्या आयाबाई, भंडाऱ्याजवळच्या वरठीच्या. नवरा वारलेला, सगळा संसार त्यांच्या एकटीच्या पगारावर. संध्याकाळी त्या माझ्या खोलीवर आल्या.

"मॅडम, मी बी येतो तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या. "सुई नाही भेटली तं थे मलेच कामावून काढतीन."

इकडच्या बायका बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात. आमच्याकडे असं कुणी बोललं तर पोरी हसतील. मला आधी गंमत वाटायची, मग सवय झाली. त्या संध्याकाळी मात्र त्यातलं काही जाणवलं नाही. मी फक्त "चला" म्हटलं.

चिखला

तुमसर रोड स्टेशनला उतरून आम्ही फाट्यावरच्या लहान रेल्वेगाडीत बसलो. मीटर मांडीवर होतं. हिरवी लोखंडी पेटी, तिला वेटोळ्या वायरीनं जोडलेली टॉर्चएवढी नळी. समोरच्या बाकावरचा फेटेवाला म्हातारा बराच वेळ त्याच्याकडे बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "लावा ना जी बाई, कोठचं स्टेशन लागते यावर?"

"याच्यात गाणी नाहीत, काका."

"मंग बातम्या लावा," तो म्हणाला, आणि नकार ऐकून खरोखर हिरमुसला.

गोबरवाहीला उतरल्यावर खाणीच्या एका ट्रकनं आम्हाला पुढं नेलं. चिखल्याला मॅंगनीजची खाण आहे, जमिनीच्या पोटात खोल गेलेली. रस्ता काळा, रस्त्याकडेच्या पळसाची पानं काळी, कामगारांच्या चाळींच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीपर्यंत काळसर झाक. त्याच्या मागं मात्र हिरवीगार टेकडी आणि वर स्वच्छ निळं आभाळ. बायका दारासमोर शेणसडा घालत होत्या, आणि तो ओला होता तेवढा वेळच अंगण शेणाच्या रंगाचं दिसत होतं.

आमची रोगी सीताबाई. जिभेची गाठ होती तिला. तिचा नवरा सुखदेव खाणीत ड्रिलवर काम करणारा. तो पाळीवरून नुकताच आला होता आणि दारात हात धूत होता.

"सीताबाई आहेत का घरी?" मी विचारलं.

"नाही जी. सीता गेली."

मला वाटलं, माहेरी गेली. शेवंताबाईंना आधी कळलं. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि पदर डोक्यावर ओढून घेतला. दवाखान्यातून आल्यावर काही दिवसांनी सीताबाईला ताप भरला, छाती भरली, आणि खाणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सुखदेव हे सांगत असताना हात पुसायचे विसरला होता.

माझं काम आता बोलायचं कसं? पण बोलणं भाग होतं. मी सांगितलं की एक सुई सापडत नाही, ती चुकून इकडे आली असली तर तुमच्या घराला धोका आहे, म्हणून त्यांच्या वस्तूंवरून हे यंत्र फिरवायचं आहे. वाटलं, हा माणूस आम्हाला हाकलून देईल. तो आत गेला आणि तिचं लुगडं, उशी, दवाखान्यात नेलेला पितळी गडू, सगळं आणून माझ्यासमोर ठेवलं. मी नळी फिरवली. मीटर थांबून थांबून वाजत होतं, टिक... टिक... तेवढं ते कुठंही वाजतं. खोलीचे चारही कोपरे पाहिले. काही नव्हतं.

"भेटली काय?"

"नाही. इथं काहीही नाही."

सुखदेव लुगड्याची घडी घालायला लागला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "म्हंजे तिच्या आंगातलं बी समदं निघून गेलं होतं?"

"हो. सुया काढल्या त्याच क्षणी. किरणं सुईतून येतात. सुई निघाली की अंगात काही उरत नाही."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. "मले वाटे का जाताना बी थे आतून जळूनच राहिली असन."

शेवंताबाई पुढं झाल्या आणि त्याच्या हातून लुगड्याचं दुसरं टोक घेतलं. दोघांनी मिळून ती घडी पुरी केली.

त्यानं चहा केला. नको म्हणवेना. चहा पिताना त्यानं विचारलं, हे रेडियम येते कोठून? मी म्हटलं, तुमच्यासारखेच लोक खाणीतून एक काळा, जड दगड काढतात. त्यात युरेनियम असतं. युरेनियम युगानुयुगं झिजत झिजत वेगवेगळ्या धातूंची रूपं घेतं, आणि त्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणजे रेडियम. कित्येक टन दगड दळून, गाळून, उकळून काढावा तेव्हा चिमटीत मावेल इतकंही हाती लागत नाही. आमच्या सुया तर फार वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या.

तो आपल्या हातांकडे बघत राहिला. नखांच्या कडांमधला काळा रंग साबणानंही गेला नव्हता.

"सीतेच्या जिभेसाठी कोण्या मुलखातल्या मानसानं येवढा दगड फोडला असन," तो म्हणाला.

पदवी घेताना रेडियमचा उगम मी पाठ केला होता. त्या दगडामागे कुणी माणूस उभा असेल, हे माझ्या मनात तोवर आलं नव्हतं.

वरठी

रात्रीचा मुक्काम वरठीला, शेवंताबाईंच्या बहिणीकडे. भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे ते याच गावात. भंडारा शहर तिथून पुढं, त्यामुळे नवखा माणूस हमखास फसतो. सकाळी जाग आली ती सायकलींच्या घंट्यांनी. माणसं डबे लटकवून कामाला निघाली होती आणि अंगणापुढच्या धुक्यातून नुसत्या घंटाच पुढं सरकत होत्या.

घर दोन खोल्यांचं, शेणानं सारवलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं झेंडूचं एक फूल. बहीण चुलीवर आयते करत होती. तांदळाचं पीठ पातळ भिजवून तव्यावर पसरायचं, की जाळीदार, लुसलुशीत आयता तयार. आमच्याकडे याला घावन म्हणतील, पण घावनाबरोबर आम्ही नारळ शोधू. इथं सोबतीला लसूण-मिरचीचा ठेचा आणि लाखोरीची डाळ. लाखोरीचं नाव ऐकून मी जरा थबकले. या डाळीनं पाय लुळे पडतात म्हणून तिच्या विक्रीवर बंदी आहे, हे मी वाचलेलं.

बहिणीनं ते ओळखलं. "खा जी. दुष्काळात नुसती हेच खाल्ली तं पाय जाते म्हंतेत. भातासंगं वाटीभर खाल्ल्यानं कोणाचं काही नाही होत."

मात्रेचा हिशोब तर मी रोज करत होते. वाटीभर खाल्ली. छान लागली.

शेवंताबाईंनी मात्र आयता नुसता चिवडला. एक घर झालं होतं, तिथं सुई नव्हती. एकोडीतही नसली, तर? त्यांच्या बहिणीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. "मॅडमले गाव दाखवाले आणलं," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि बहीण त्या आनंदात आयत्यावर आयते वाढत होती.

एकोडी

भंडाऱ्याहून साकोलीची एस.टी. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापलेलं धान आडवं पडलेलं, कुठं त्याच्या पेंढ्यांचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचलेले, मधेच एखादं तळं आणि त्याच्या काठावर ध्यान लावून बसलेले बगळे. आमच्या साताऱ्याकडे पाणी म्हणजे खाली वाहून जाणारी वस्तू. इथं प्रत्येक गावानं आपलं पाणी पाळीनं अडवून जवळ धरून ठेवलेलं. शेवंताबाईंनी एका तळ्याकडे बोट दाखवून सांगितलं, यातले झिंगे वांग्यात लय चांगले लागतात. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं वाक्य.

एकोडीत उतरलो. भागरथाबाईचं घर गावाच्या टोकाला, म्हणून कुणीतरी शेतातून जवळची वाट दाखवली. धानाच्या शेताला इकडे बांधी म्हणतात. दोन बांध्यांमधल्या चिंचोळ्या धुऱ्यावरून मी चालत होते आणि व्हायचं तेच झालं. पाय घसरला आणि मी ओल्या बांधीत गुडघ्यापर्यंत रुतले. मीटर वाचवायला ते दोन्ही हातांनी डोक्यावर धरलं, त्यामुळे उठताही येईना. शेवंताबाई क्षणभर बघत राहिल्या आणि खदखदून हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसत त्यांनी मला ओढून बाहेर काढलं. चप्पल चिखलातच राहिली. ती काढायला आणखी बराच वेळ गेला.

अशा अवतारात आम्ही भागरथाबाईच्या अंगणात पोचलो. ती गालाच्या गाठीची रोगी. वर्षानुवर्षं गुडाखू, म्हणजे तंबाखूची काळी मिसरी, गालात धरून धरून गाठ झालेली. गालात सुया असताना तिला बोलता येत नव्हतं. मी शिशाच्या काचेमागून खुणेनं विचारायची, 'दुखतं का?' आणि ती हाताचा पंजा हलवून सांगायची, 'नाही.' तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता.

तिचा मुलगा देवराम आणि सून कौसल्या बाहेर आले. कौसल्याच्या कुशीत नुकतीच जन्मलेली मुलगी. त्यांनी पाय धुवायला पाणी दिलं, खाट टाकली.

"भागरथाबाई कुठं आहेत?"

दोघं एकमेकांकडे बघू लागली. देवरामनं मागच्या कोठ्याकडे, म्हणजे गोठ्याकडे, बोट दाखवलं. "माय तिकडं राह्यते."

माझ्या मनात नको ते आलं. आजारी म्हातारीला गुरांत ठेवलं यांनी! पण कौसल्या रडायलाच लागली. "आमी नाही ठेवलं वं बाई. थ्याच येत नाहीत. दवाखान्यातून आल्यापासून घराच्या अंदर पाय नाही टाकला. ताट दुरून ठेवाले सांगतेत. पोरगी झाली, तं तिले बी अजून हात नाही लावला. तुमी तरी सांगा."

गोठ्याची एक बाजू झाडून, सारवून लख्ख केलेली होती. तिथं एका पोत्यावर भागरथाबाई बसली होती. गालाची सूज उतरली होती आणि चेहरा भरला होता. मला बघून ती एकदम उजळली. मी पुढं झाले तशी तिनं पंजा उभा धरला.

"दुरून जी. दुरूनच बोला."

आवाज जाड, शब्द जरा ओढत येणारे.

"का हो?"

"तुमीच तं काचेमागून पाह्यत होत्या. अन् हे बाई," तिनं शेवंताबाईंकडे बोट केलं, "ताट ठेवे अन् पळे. येवढ्या शिकल्यासवरल्या बाया मले भेऊन राह्यल्या, मंग थे लेकरू तं फुलावानी हाये. देवरामच सांगे, रेडियम हजार वर्षं मरत नाही. माह्या आंगातून का दोन महिन्यात जाईन?"

शेवंताबाई तिथंच खाली बसल्या. मी मीटर काढलं. आलो होतो त्या कामासाठी ते लावायचंच होतं. आधी पोतं पाहिलं, मग घोंगडी, मग दवाखान्यातून आणलेलं गाठोडं. टिक... टिक... सगळं शांत. मग भागरथाबाईला म्हटलं, "आता तुमच्या गालापाशी धरते." ती आक्रसली. देवराम पुढं आला, तिच्याशेजारी उकिडवा बसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "धरू दे मा, काही होत नाही."

मी नळी गालाजवळ नेली आणि मीटर तडतडायला लागलं. लाह्या फुटाव्यात तसं.

शेवंताबाईंनी डोळे मिटून घेतले. कौसल्या मुलीला छातीशी धरून दारापर्यंत मागं गेली. भागरथाबाई मात्र हलली नाही. ती फक्त म्हणाली, "पाहा. मी सांगून राह्यली होती ना." तिच्या बोलण्यात भीती नव्हती. आपण केलं ते बरोबरच केलं, असं समाधान होतं, आणि मला तेच सहन होईना.

मी नळी गालावरून कपाळाकडे नेली. आवाज कमी झाला. गळ्याशी आणली, वाढला. खांद्याशी आणली आणि मीटर किंचाळायला लागलं. खांद्यावर देवरामचा हात होता, आणि हाताला घड्याळ.

"देवरामभाऊ, जरा तिकडे दूर उभे राहा."

तो उठला आणि अंगणाच्या पार टोकाला गेला. मीटर एकदम गप्प झालं. टिक... टिक...

मी पुन्हा गालाशी नळी धरली. आता हनुवटीखाली, मानेशी, सगळीकडे. काही नाही. मग अंगणात जाऊन देवरामच्या मनगटाशी धरली, तर पुन्हा लाह्या.

"हे घड्याळ कुठलं?"

"सासऱ्यानं देल्लं जी लग्नात. थे फौजेत होते. अंधारात चमकते." आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं घड्याळ असं काढलं की जणू मनगटावर विंचू होता. "म्हंजे रेडियम मायजवळ नाही, माह्याजवळ हाये?"

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. बहुतेक कौसल्या. पण हसू सगळीकडे पसरलं आणि देवराम घड्याळ लांब धरून उभाच. मी त्याला समजावलं की घाबरायचं कारण नाही. काट्यांवर त्याचा लेप असतो, अगदी अल्प. ते उघडायचं नाही, काटे खरवडायचे नाहीत, लेकराच्या पाळण्याजवळ ठेवायचं नाही. त्यानं ते गोठ्याच्या बाहेरच्या खुंटीला टांगलं आणि हात धुवून आला.

भागरथाबाई हसली नव्हती. ती विचारात पडली होती. माझ्या हातातल्या नळीकडे बोट करून म्हणाली, "पण हे अजून वाजूनच राह्यलं ना? हळूहळू. थे काय होय?"

"हे सगळीकडे वाजतं. दगडामातीत, हवेत, तांदळात, माझ्यात. थोडंथोडं सगळ्यांत असतं."

"लेकरात?"

मी कौसल्याकडे पाहिलं. ती पुढं आली. मी नळी त्या झोपलेल्या मुलीच्या अंगाजवळ धरली. सगळे कान देऊन ऐकत होते. टिक... टिक... मग भागरथाबाईजवळ. टिक... टिक... पुन्हा मुलीजवळ. भागरथाबाई मान एकीकडे कलती करून, डोळे बारीक करून दोन्ही आवाज ताडून बघत होती, बाजारात मडकं वाजवून घ्यावं तशी.

"सारखंच हाये," ती म्हणाली.

तेव्हा शेवंताबाई उठल्या आणि सरळ तिच्या पोत्यावर, तिला खेटून बसल्या. "मी पळे थे तुमाले भेऊन नाही वं बाई," त्या म्हणाल्या. "सुया तुमच्या गालात होत्या तवा पळे. आमाले रोज एकीमागं एक बाई असते. दरेकीजवळ बसलो तं आमचंच आंग भाजून जाईन. आता सुया कोठी हायेत? हे पाहा." आणि त्यांनी आपला तळहात तिच्या त्या गालावर ठेवला.

भागरथाबाईनं तो हात तसाच धरून ठेवला, बराच वेळ.

मग तिनं पाणी मागितलं. कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, पदराला पुसलं. मांडी घातली. कौसल्यानं मुलीला तिच्या मांडीवर ठेवलं. भागरथाबाई आधी नुसती बघत राहिली. मग वाकून टाळू हुंगली. पोरीनं झोपेत तोंड वेडंवाकडं केलं तशी ती घाबरून म्हणाली, "भाजलं काय वं तिले?"

"भूक लागली असन मा," कौसल्या म्हणाली.

देवराम बैलांकडे तोंड करून उभा होता. बैलांना तेव्हा कशाचीच गरज नव्हती.

जेवण घरात झालं. नव्या तांदळाचा भात, झिंगे घातलेली वांग्याची भाजी. शेवंताबाई म्हणाल्या होत्या तशीच लागली. भागरथाबाई तिखट खाऊ शकत नव्हती. तिनं दूधभात घेतला आणि नातीला मांडीवरून न उतरवता खाल्ला. निघताना तिनं माझी आणि शेवंताबाईंची ओटी नव्या तांदळानं भरली. सातारला विधवेची ओटी भरत नाहीत. इथंही बहुधा भरत नसावेत, कारण शेवंताबाई मागं सरकल्या. भागरथाबाईनं त्यांचा पदर स्वतः ओढून घेतला आणि त्यात तांदूळ ओतले.

सुई मात्र सापडली नव्हती. एस.टी.त शेवंताबाई तांदळाच्या गाठीवर हात ठेवून खिडकीबाहेर बघत होत्या. "आता जे होईन थे होईन," एवढंच म्हणाल्या.

नागपूर

सुई नागपुरातच होती. आम्ही बाहेर असताना मोठ्या डॉक्टरांनी रेडियम ठेवायच्या तिजोरीतले शिशाचे डबे एकेक करून मागच्या मैदानात नेऊन उघडायला लावले. 'रिकामा' म्हणून बाजूला ठेवलेल्या एका डब्याच्या अस्तराच्या फटीत ती अडकून बसली होती. तिजोरीपाशी मीटर नेलं की आतल्या बाकीच्या रेडियमनं ते किंचाळतंच, त्यामुळे नेमक्या तिथंच त्याचा उपयोग नव्हता. डबा कुणी बाजूला ठेवला याची चौकशी झाली, पण त्यात शेवंताबाईंचं नाव येण्याचा प्रश्नच नव्हता, त्या तिजोरीच्या खोलीत जात नसत. मी त्यांना सांगायला वॉर्डात गेले तेव्हा त्या फरशी पुसत होत्या. ऐकून त्यांनी "असं काय" म्हटलं, फडकं पिळलं आणि उरलेली फरशी पुसून काढली. नंतर मोरीत जाऊन पुष्कळ वेळ तोंड धूत राहिल्या.

त्यानंतर आम्ही वॉर्डात एक नवी रीत पाडली. सुया काढल्या की मीटर खाटेपाशी न्यायचं, घरच्यांना बोलवायचं आणि सगळ्यांदेखत ते बाईजवळ धरायचं. तो हळू आवाज तिला स्वतःला ऐकू द्यायचा, मग नवऱ्याजवळ, मुलाजवळ धरून दाखवायचं. आठवायला सोपं, आणि समजवायला शब्द लागत नाहीत. तरी सगळ्यांची भीती जातेच असं नाही.

भर उन्हाळ्यात भागरथाबाई तपासणीला आली. गाल स्वच्छ बरा झाला होता. तिच्याबरोबर देवराम, कौसल्या आणि बाळसं धरलेली, बसायला लागलेली नात. देवरामच्या मनगटावर काही नव्हतं. सगळे ओसरीतल्या बाकावर डॉक्टरांची वाट बघत होते. त्याच बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला त्या दिवशी घरी निघालेली एक बाई बसली होती. सकाळी तिच्यापाशीही मीटर धरून दाखवलं होतं, पण ती अजून अंग चोरून होती. नवरा जवळ बसायला गेला की उठून उभी राहत होती.

भागरथाबाईनं तिच्याकडे पाहिलं. मग नातीला उचललं, बाकाच्या त्या टोकाला गेली आणि ती बाई काही विचारायच्या आत पोरीला तिच्या मांडीवर बसवलं.

"अंमळ पकड वं मा हिले," ती म्हणाली. "मी पाणी पिऊन येतो."

आणि माठ जवळच असताना ती ओसरी ओलांडून अंगणातल्या दूरच्या नळाकडे, सावकाश, चालत गेली.